पडून राहिलं म्हणून वाचलं: मुंबईत बांधलेल्या एका जहाजाची गोष्ट

१२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईच्या गोदीत एक जहाज पाण्यात उतरलं. ते अजून पाण्यातच आहे. फक्त मुंबईत नाही, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल या बंदरगावात आहे. नाव ट्रिंकोमाली. श्रीलंकेच्या त्या बंदराजवळ १७८२ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली होती, तिची आठवण म्हणून हे नाव.

आज तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये ट्रिंकोमाली सर्वांत जुनी. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याची व्हिक्टरी हिच्याहून जुनी आहे, १७६५ ची, पण ती १९२२ पासून पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत टेकूंवर उभी आहे. पाण्याशी तिचा संबंध आता पावसापुरताच. आणि तोच तिला नडतो. त्याकडे पुढे येऊच.

ट्रिंकोमालीला ‘ब्रिटिश’ म्हणायचं ते मालकीपुरतं. लाकूड मलबारच्या जंगलातलं, मुख्य कारागीर पारशी, हाताखालचे सुतार मुंबईचे आणि आराखडा मुळात फ्रेंच. इंग्रजांनी १७८२ मध्ये हेबे नावाचं एक फ्रेंच जहाज पकडलं, ते त्यांना इतकं आवडलं की त्याची मापं घेऊन त्याच घाटाची डझनावारी जहाजं बांधली. ट्रिंकोमाली त्यांतलंच एक.

या जहाजाबद्दल बोलणं निघालं की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं: सागवानाचं होतं, म्हणून टिकलं. हे अर्धंच खरं आहे. मुंबईच्या गोदीतून सागवानाची कितीतरी जहाजं बाहेर पडली. कॉर्नवॉलिस १८१३ चं. याच जहाजावर १८४२ मध्ये चीन आणि ब्रिटन यांच्यात नानकिंगचा तह झाला. ते १९५७ मध्ये मोडीत गेलं. एशिया १८२४ चं, नवारिनोच्या लढाईत सेनापतीचं जहाज. तेही भंगारात विकलं गेलं. लाकूड तेच, गोदी तीच, बांधणारं घराणंही तेच. मग हे एकच का उरलं? माझं उत्तर असं, की लाकडानं जहाजाला मुदत दिली. त्या मुदतीत कुणाला ना कुणाला त्याचा काहीतरी उपयोग सापडत गेला, म्हणून ते वाचलं. आणि हा उपयोग बहुतेक वेळा लढाईचा नव्हता.

ओक संपला म्हणून मुंबई

अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमाराची मोठी अडचण शत्रू ही नव्हती, ओकची झाडं ही होती. एकट्या व्हिक्टरीला सुमारे ६,००० झाडं लागली होती, बहुतेक ओकची. असा ओक तयार व्हायला शंभर वर्षं लागतात आणि नेपोलियनशी युद्ध चालू असताना शंभर वर्षं थांबायला कुणाला वेळ होता? मग आरमाराचं लक्ष गेलं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या गोदीकडे.

ही गोदी चालवत होतं वाडिया घराणं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले. त्यांचं आडनावच जहाजबांधणीच्या धंद्यावरून पडलेलं. त्यांचे नातू जमशेटजी बमनजी यांनी ट्रिंकोमाली बांधलं. १८१६ मध्ये पठाणात, म्हणजे जहाजाच्या तळाला नाळेपासून (पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत जाणाऱ्या कण्यात, जमशेटजींनी चांदीचा एक कोरलेला खिळा ठोकला. पारशी रिवाजाप्रमाणे हा खिळा बसला की जहाजाला बरकत. आपल्याकडे घराच्या पायात रत्न ठेवतात, त्यातलाच प्रकार.

खरं तर जहाजाची मागणी १८१२ मध्येच नोंदवली होती. उशीर होण्यामागे एक गमतीदार कारण आहे. जहाजाचे नकाशे जावा नावाच्या युद्धनौकेवरून मुंबईला निघाले होते. वाटेत, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, २९ डिसेंबर १८१२ ला अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या जहाजानं जावाला गाठलं, हरवलं आणि नंतर पेटवून दिलं. नकाशे गेले. लंडनहून दुसरी प्रत पाठवावी लागली. आणि जगातल्या आजही तरंगणाऱ्या जुन्या युद्धनौकांमध्ये पहिला नंबर कुणाचा? १७९७ च्या याच कॉन्स्टिट्यूशनचा. ज्यानं ट्रिंकोमालीचे नकाशे जाळले, त्याच्याच पाठोपाठ ट्रिंकोमालीचं नाव घेतलं जातं.

या सगळ्यात युद्धच संपलं. १८१५ मध्ये वॉटर्लू झालं, नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत गेला, आणि त्याच्याशी लढायला मागवलेलं जहाज त्यानंतर दोन वर्षांनी तयार झालं. इंग्लंडला जाताना जानेवारी १८१९ मध्ये ट्रिंकोमाली त्याच सेंट हेलेनाला सहा दिवस थांबलं. तिथून निघताना त्यावर एक जास्तीचा प्रवासी होता: जॉन स्टोको, नेपोलियनला तपासणारा डॉक्टर. शत्रूच्या सर्वांत जवळ हे जहाज गेलं ते एवढंच.

लाकूड कशानं मरतं

ट्रिंकोमाली कसं टिकलं हे समजायचं, तर लाकडी जहाज कशानं मरतं ते आधी बघावं लागेल. बुडून मरणं किंवा जळून मरणं हे डोळ्यांत भरणारे प्रकार. मराठी माणसाला त्यातला दुसरा आठवतोच: १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं अख्खं आरमार पेटलं आणि कोकणात बांधलेल्या गुराबा-गलबतांची एक पिढी एका दिवसात संपली. पण बहुतेक जहाजं अशी मरत नाहीत. ती बंदरात उभ्या उभ्या, हळूहळू, कुणाचं लक्ष नसताना मरतात.

पहिला शत्रू पाऊस. ऐकायला विचित्र वाटतं. जे जहाज जन्मभर समुद्रात राहणार त्याला पावसाचं काय भय? पण समुद्राचं पाणी खारं असतं आणि मीठ लाकडाला कुजू देत नाही, लोणच्यातल्या कैरीसारखं. शिवाय पाण्याखाली पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, आणि हवेशिवाय कुजवणारी बुरशी वाढत नाही. पाऊस मात्र गोडा. तो डेकच्या फटींतून झिरपतो, बरगड्यांच्या डोक्याशी साचतो, तिथे हवाही असते. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला तेवढं पुरतं. म्हणून जुन्या जहाजात कुजकं लाकूड शोधायचं तर तळाशी नाही, वर शोधावं: डेकखाली, बाजूच्या भिंतीच्या वरच्या भागात, जिथे फळी फळीला भेटते आणि पाणी अडकून राहतं तिथे. पोर्ट्समथला उभ्या असलेल्या व्हिक्टरीचं दुखणं हेच आहे. खारं पाणी नाही, फक्त पाऊस. त्यात लाकूड पोखरणारे भुंगे. तिच्या बाहेरच्या फळ्या उतरवून सांगाड्यापासून दुरुस्ती करायची वेळ आली, ती यामुळेच.

दुसरा शत्रू समुद्रातलाच. टेरेडो नावाचा प्राणी, ज्याला सगळे किडा म्हणतात पण जो खरं तर शिंपल्यांच्या जातीतला आहे. डोक्याशी दोन छोटी शिंपलं असतात, त्यांनी तो लाकूड घासत आत शिरतो. बाहेरून सुईएवढं भोक दिसतं आणि आत बोटाएवढं बीळ असतं. फळी वरून धडधाकट, आतून जाळी. यावर उपाय म्हणून ब्रिटिश आरमारानं जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारायला सुरुवात केली. पण तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांजवळ आले की लोखंड झपाट्यानं गंजतं. म्हणजे पत्रा किड्याला थांबवणार आणि त्याच वेळी आतले लोखंडी खिळे खाणार! म्हणून पुढे पाण्याखालचे खिळे आणि बोल्टही तांब्याच्या मिश्रधातूचे करावे लागले.

सागवानाचं मोल इथे कळतं. सागात तेल असतं, त्यामुळे बुरशी आणि कीड दोन्ही त्याच्या वाटेला कमी जातात. पाणी लागलं-सुकलं तरी तो फारसा फुगत-आकसत नाही, म्हणून सांधे घट्ट राहतात. आणि एक गोष्ट जी फार कुणी सांगत नाही: ओकच्या लाकडात आम्लं असतात, ती लोखंडी खिळ्याला खातात. खिळा गंजतो, गंज फुगून भोक मोठं करतो, त्या भोकातून पाणी शिरतं, पाण्यानं लाकूड कुजतं. ओकचं जहाज असं आपल्याच खिळ्यांपाशी सडायला लागतं. सागात लोखंड सुखरूप राहतं.

सागाचा तोटाही होता. चिरायला कठीण, हत्यारांची धार घालवणारा. आणि सागाची कुसळ अंगात घुसली तर जखम चिघळते, अशी खलाशांची ठाम समजूत होती. तोफांच्या लढाईत माणसं गोळ्यानं मरत त्याहून जास्त उडणाऱ्या ढलप्यांनी जखमी होत, तेव्हा या समजुतीला वजन होतं.

तिसरा शत्रू जहाजाचा स्वतःचा आकार. जहाज मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं असतं. पाणी फुगीर भागाला जोरात वर उचलतं, निमुळत्या टोकांना कमी. टोकांचं वजन मात्र तेवढंच. परिणाम: वर्षानुवर्षं टोकं खाली झुकत जातात आणि कणा मध्ये वर उचलला जातो, पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्यासारखा. कॉन्स्टिट्यूशनचा कणा असा तब्बल १३ इंच वाकला होता. १९९० च्या दशकात तो सरळ केला, त्यासाठी सुक्या गोदीत ठोकळ्यांवर ठेवून ते हळूहळू आपल्याच वजनानं बसू दिलं आणि मग पोटातून तिरक्या तुळया घातल्या. या तुळया मूळ आराखड्यात होत्याच, मधल्या काळात कुणीतरी काढून टाकल्या होत्या!

पंचवीस वर्षं छपराखाली

एप्रिल १८१९ मध्ये ट्रिंकोमाली पोर्ट्समथला पोचलं, आणि आरमारानं त्याला बाजूला लावलं. युद्ध नाही, जहाज कशाला? डोलकाठ्या उतरवल्या, डेकवर छप्पर घातलं आणि ते तसंच ठेवलं, १८४५ पर्यंत. पंचवीसहून जास्त वर्षं. ज्या वयात जहाजं वादळं झेलतात, खडकांवर आपटतात, गोळे खातात, त्या वयात हे छपराखाली उभं होतं आणि पाऊस त्याच्या डेकला शिवत नव्हता.

वर दुखण्यांची जी यादी वाचली, ती आठवा. जहाज पाण्यात, म्हणजे तळ खाऱ्या पाण्यात सुखरूप. वर छप्पर, म्हणजे गोडं पाणी नाही. तोफा आणि डोलकाठ्यांचं ओझं नाही, म्हणजे सांध्यांवर ताणही कमी. आरमारानं हे जतन म्हणून केलं नव्हतं, नुसती सोय पाहिली होती. पण जहाज टिकवायला याहून चांगली व्यवस्था आज एखादा तज्ज्ञही सुचवणार नाही.

मग ते समुद्रात गेलं दोनदाच. १८४७ ते १८५० उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या पाण्यात, आणि १८५२ ते १८५७ पॅसिफिकमध्ये. त्याआधी तोफा कमी करून मागची बाजू नव्या पद्धतीची केली होती. गस्त घातली, मासेमारीच्या हद्दी सांभाळल्या, एकदा उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात इंग्रज संशोधक फ्रँकलिनच्या हरवलेल्या मोहिमेचा शोध घेणाऱ्या जहाजाला रसद पोचवली. मोठी लढाई एकही नाही. आरमाराच्या हिशेबात हे जहाज चमकलंच नाही.

१८५७ ला परत येईपर्यंत वाफेची इंजिनं आली होती, लोखंडी चिलखताची जहाजं येऊ घातली होती. शिडाच्या लाकडी युद्धनौकेचा काळ संपलाच. तरीही १८६० पासून ते राखीव दलाच्या खलाशांना शिकवायला वापरलं गेलं. आधी संडरलंड, मग हार्टलपूल (हो, तेव्हाही हार्टलपूल), मग साउथॅम्प्टन. १८९७ मध्ये मात्र ते भंगारवाल्याला विकलं गेलं. आता संपलं, असं कुणालाही वाटलं असतं.

एक वेडा माणूस आणि एक वादळ

इथे गोष्टीत येतो जेफ्री व्हीटली कॉब. पैसेवाला, जुन्या जहाजांचं वेड असलेला. त्यानं नेल्सनचं फुद्रोयां नावाचं जहाज जर्मन भंगारवाल्यांकडून सोडवून आणलं होतं, भरपूर पैसा घालून दुरुस्त केलं होतं आणि इंग्लंडच्या किनारी गावांत लोकांना दाखवत फिरवत होता. १६ जून १८९७ ला ब्लॅकपूलला वादळ आलं आणि नेल्सनचं जहाज लोकांच्या डोळ्यांदेखत किनाऱ्यावर फुटलं. त्याच्या लाकडाच्या नंतर शोभेच्या वस्तू करून विकल्या गेल्या.

दुसरा कुणी असता तर या नादाला राम राम ठोकला असता. कॉबनं भंगारवाल्याकडून ट्रिंकोमाली विकत घेतलं, दुरुस्त केलं, आणि त्याला गेलेल्या जहाजाचंच नाव दिलं: फुद्रोयां. म्हणजे मुंबईचं जहाज वाचलं ते दुसऱ्या जहाजाची जागा भरायला, दुसऱ्याच्या नावानं. पुढची जवळजवळ ९० वर्षं ते मुलांना समुद्रावरचं जगणं शिकवणारी शाळा होतं. आधी फॅलमथला, १९३० च्या दशकापासून पोर्ट्समथला. पोरं झोळ्यांत झोपत, डेक घासत, होड्या वल्हवत. डेकवर खोल्या चढवल्या गेल्या, भिंतींना खिडक्या पडल्या. बाहेरून बघणाऱ्याला युद्धनौका ओळखू येणं मुश्कील.

शुद्धतेचा आग्रह धरणारे या बदलांवर नाराज होतात. मला ते पटत नाही. जी खोली मुलांसाठी बांधली, तिच्यामुळेच छप्पर गळू नये म्हणून कुणीतरी पैसे खर्च केले. वापरात नसलेल्या जहाजाला कुणी रंग लावत नाही.

वापर संपला की काय होतं याचा पुरावा त्याच बंदरात, फुद्रोयांच्या शेजारीच उभा होता. इम्प्लेकेबल नावाचं जहाज, मूळचं फ्रेंच दुग्ये-त्रुआं, १८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईत फ्रेंचांच्या बाजूनं लढलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची दुरुस्ती परवडेना. फ्रान्सला देऊ केलं, त्यांनाही परवडेना. २ डिसेंबर १९४९ ला ते समुद्रात नेलं, दोन्ही देशांचे झेंडे चढवले आणि सुरुंग लावून तळ फोडला. तळ फुटूनही ते काही तास तरंगत राहिलं, बुडेचना. हे दृश्य पाहून ब्रिटनमध्ये लोक हळहळले आणि संतापले, आणि त्या अस्वस्थतेचा फायदा पुढे कटी सार्क हे चहाचं जहाज वाचवण्याच्या चळवळीला झाला. ट्रफाल्गार लढलेलं जहाज गेलं. काहीच न लढलेलं उरलं.

फळी बदलणं म्हणजे काय

१९८६ मध्ये शाळा बंद झाली. १९८७ मध्ये ट्रिंकोमाली एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणलं. हेच गाव का? कारण तिथे नुकतीच वॉरियर या लोखंडी युद्धनौकेची मोठी दुरुस्ती पूर्ण झाली होती आणि हातात कसब असलेली माणसं मोकळी होती. जहाज जपायला पैसा लागतो हे सगळ्यांना कळतं. पण पैसा जमेपर्यंत कारागीर पांगले, तर ते परत जमवता येत नाहीत.

काम सुरू झालं ते काढून टाकण्यापासून. मुलांसाठी चढवलेल्या खोल्या, नंतरचं लोखंड, बुजवलेल्या तोफखिडक्या. मग लाकडाची तपासणी. यातली जुनी पद्धत अजूनही चालते: हातोडी घेऊन ठोकत जायचं. निरोगी लाकूड टण्‌ वाजतं, कुजलेलं बद्द. शंका आली की बारीक गिरमिटानं नमुना काढायचा. भुसा कोरडा आणि रंगानं उजळ असेल तर ठीक, काळपट आणि ओला निघाला तर फळीच्या आत शिरायचं.

फळी कुजली म्हणून अख्खी फेकायची नसते. कुजका भाग कापून काढतात आणि उरलेल्या चांगल्या लाकडाचं टोक लांब तिरकं तासतात. नव्या तुकड्याचं टोक तसंच उलटं तासून त्यावर बसवतात. हा तिरका जोड जेवढा लांब, तेवढा ताकदीचा. सरळ कापून टोकाला टोक लावलं तर पहिल्याच हेलकाव्याला तिथून उघडेल.

नाळेपाशी फळीला बाक द्यावा लागतो. त्यासाठी ती वाफेच्या पेटीत ठेवतात. सुतारांचा ठोकताळा आहे: जाडीच्या प्रत्येक इंचाला एक तास वाफ. चार इंच जाडीची फळी म्हणजे चार तास. पेटीतून बाहेर काढली की हातात फक्त काही मिनिटं. तेवढ्यात चार-सहा जणांनी ती उचलून जागेवर न्यायची, शिकंजे लावत आवळत आणायची. थंड झाली की वाकणार नाही; जबरदस्ती केली तर मोडेल. त्या मिनिटांत कुणी कुणाशी बोलत नाही.

मग फटी बुजवणं. दोन फळ्यांमध्ये जाणूनबुजून बाहेरच्या बाजूनं थोडी उघडी फट ठेवलेली असते. तिच्यात डांबरात भिजवलेल्या तागाच्या धाग्यांची वळी करून पटाशीसारख्या बोथट हत्यारानं आणि लाकडी मोगरीनं ठोसून बसवतात. किती ठोसायचं हे कानानं कळतं. वळी घट्ट बसली की मोगरीचा आवाज बदलतो. कमी ठोसलं तर पाणी येतं, जास्त ठोसलं तर आतल्या खिळ्यांवर ताण पडून फळीच बाहेर ढकलली जाते. वरून गरम डांबर. यानंतर जहाज पाण्यात गेलं की लाकूड फुगतं आणि सगळं आवळून बसतं. नवीन जहाज पहिल्या दिवसांत थोडं गळतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

आता आधुनिक पदार्थ का वापरत नाहीत, असं बरेच जण विचारतात. सिमेंट किंवा चिकट रसायन भरून टाकलं की काम संपलं! अडचण अशी की लाकूड श्वास घेतं. ओल आत-बाहेर होत राहते. रसायनाचा कडक थर दिला की ओल आतच अडकते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीच्या मागे लाकूड आधीपेक्षा जोरात कुजतं. अशा ‘कायमच्या’ उपायांनी बऱ्याच जुन्या होड्यांचा जीव घेतला आहे.

कोणत्या वर्षात नेऊन ठेवायचं?

सगळ्यात अवघड प्रश्न सुतारकामाचा नव्हता. जहाज १८१७ मध्ये एक होतं, १८४७ मध्ये वेगळं, १९५० मध्ये आणखी वेगळं. परत आणायचं ते कोणतं? ठरलं असं, की ज्या रूपात ते पहिल्यांदा सेवेत समुद्रावर निघालं, त्या १८४० च्या दशकातल्या रूपात. म्हणजे जमशेटजींनी घडवलेली मागची बाजू परत आली नाही. १८४५ च्या बदलाची राहिली. नाळेवरचं पागोटं घातलेल्या माणसाचं शिल्पही त्याच काळातलं. १९९२ मध्ये फुद्रोयां हे उसनं नाव उतरवलं आणि मूळ नाव परत दिलं.

काम २००१ मध्ये पूर्ण झालं. खर्च सुमारे १ कोटी ५ लाख पौंड. मूळ बांधणीचा खर्च होता सुमारे २३,००० पौंड. जुन्या-नव्या पौंडाची तुलना थेट होत नाही, तरी मनात येतेच.

मूळ लाकूड किती उरलं? साधारण ६० टक्के. ही संख्या किती मोठी आहे हे कॉन्स्टिट्यूशनशी ताडून पाहा: तिथे मूळ लाकूड १० ते १५ टक्के धरलं जातं. यावरून जुना वाद निघतो: सगळ्या फळ्या बदलल्या तर जहाज तेच म्हणायचं का? मला हा वाद लाकडी जहाजाच्या बाबतीत थोडा फुकाचा वाटतो. ही जहाजं पहिल्या दिवसापासूनच फळ्या बदलत जगायची. वीस वर्षांनी निम्मी फळी नवी असणं ही दुरुस्ती होती, फसवणूक नव्हे. पण ६० टक्के मूळ लाकूड असलं की एक फायदा खरोखर होतो: वाकसाच्या खुणा. आतल्या जुन्या तुळयांवर कारागिरांनी लाकूड तासताना पडलेल्या खुणा तशाच राहतात. ते हात कुणाचे, ते कुठल्याही कागदावर नाही.

ट्रिंकोमालीचं एक भावंड स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे, युनिकॉर्न, १८२४ चं, त्याच हेबेच्या घाटाचं. ते इंग्लंडात बांधलं आणि बांधून झाल्यावर लगेच छप्पर घालून ठेवलं. डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत. ते छप्पर आजही आहे आणि ते काढायचं नाही असंच तिथे धोरण आहे. परिणामी युनिकॉर्नचं लाकूड जवळजवळ जसंच्या तसं आहे, पण बघायला ते शेडसारखं दिसतं. ट्रिंकोमाली डोलकाठ्या-दोरखंडांसह दिमाखात उभं आहे, पण त्याचा डेक पावसात आहे. शाळेच्या सहलीला नेणार असाल तर हार्टलपूल. लाकडाचा अभ्यास करणार असाल तर डंडी. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही.

आणि एक तिसरा मार्ग आहे, जो फक्त मेलेल्या जहाजांना लागू पडतो. स्वीडनचं वासा १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं. बाल्टिक समुद्रात मीठ कमी, म्हणून टेरेडो नाही, म्हणून जहाज शाबूत. पण ३३३ वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड एकदम सुकवलं तर चुरमडून जातं. म्हणून १७ वर्षं त्यावर मेणासारखं एक रसायन पाण्यातून फवारलं, जे लाकडाच्या पेशींतल्या पाण्याची जागा घेतं. ते जहाज आता कधीच तरंगणार नाही.

पुढचं लाकूड कुठून?

ट्रिंकोमाली आज हार्टलपूलला गोदीतल्या पाण्यात आहे. पाणी त्याला सगळ्या बाजूंनी सारखं पेलतं, टेकूंसारखे ठरावीक ठिकाणीच दाब येत नाहीत. पण पाऊस आहे, म्हणून दर काही वर्षांनी फळ्या बदलाव्या लागणारच. मग लाकूड कुठून आणायचं?

अमेरिकनांनी याचं उत्तर रोपून ठेवलं आहे. इंडियाना राज्यात आरमाराच्या जंगलात पांढऱ्या ओकची झाडं खास कॉन्स्टिट्यूशनसाठी राखलेली आहेत. सागवानाचं तसं नाही. जुन्या मलबारी जंगलातला, दाट वाढीचा, तेलानं जड झालेला साग आता बाजारात नाही. तो याच जहाजांमध्ये गेला. मलबारचा साग आटतोय हे इंग्रजांच्याही लक्षात आलं होतं, पण उशिरा. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कोनोली यानं नीलांबूरला मुद्दाम साग लावायला सुरुवात केली. जगातली ही सर्वांत जुनी सागवान लागवड मानतात. पन्नास-साठ वर्षांत झाडं तोडीला येतील आणि जहाजांना लाकूड मिळेल, असा हिशेब होता.

झाडं तयार झाली तेव्हा आरमाराला लाकडाची गरज उरली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात त्यांतली बरीच तोडली गेली. थोडी राखून ठेवली, ती अजून नीलांबूरला चालियार नदीकाठी उभी आहेत, जहाजासाठी लावलेली. आता त्यांच्याभोवती कुंपण आहे आणि त्यांना हात लावायची परवानगी नाही. ट्रिंकोमालीच्या दुरुस्तीसाठीसुद्धा नाही.